बिरोबाच्या तळ्यात बुडालेल्या चुलीबाबत

प्रति,
मेहेरबान तलाव-परवाना अंमलदार साहेब,
तलाव कचेरी, सोलापूर, यांचे सेवेशी

विषय : पाण्याखाली गेलेल्या ‘समुद्र हॉटेला’तील चुलीचे तीन दगड उचलू देणेबाबत.
संदर्भ : आपला हुकूम, ‘होडी जागेवरून हलवू नये.’

महोदय,

अर्जदार सिद्धप्पा बिरप्पा वाघमोडे, मूळ धंदा मेंढपाळी, विनंतीपूर्वक कळवितो की,

१. सदर हॉटेल अर्जदाराने मेंढरे विकून बिरोबाच्या तळ्याकाठी काढले. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की कामगार मटण-भाकरीस येत आणि गोजरबाई वैरागकरीण पेटीवर लावण्या म्हणे. एक नाटक कंपनी गावात मोडली, तिचा रंगवलेला समुद्राचा पडदा अर्जदाराने मागे टांगला, म्हणून हे नाव. जन्मात समुद्र न पाहिलेले लोक त्याकडे तोंड करून जेवत. वकील मंडळी उपरणे तोंडावर ओढून येत व रस्सा पुन्हा मागत. अक्कलकोटला निघालेले भाविक मटणाकडे पाठ करून चहा घेत, पण गाणे संपल्याशिवाय उठत नसत. एकदा दोन पैलवान भांडता भांडता पडद्यातल्या लाटांतून आरपार गेले. तेथली मजा आपल्या कचेरीतील मंडळीसही ठाऊक आहे; विचारल्यास नाही म्हणतील.

२. पाणी आटत जाई तसे ते काठापासून लांब जाई. गिऱ्हाइकास पाण्याची हवा हवी, आणि पाण्यामागे जाणे ही तर आमची पिढीजात रीत. म्हणून संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली की मेढी उपटून मांडव पाण्याजवळ नेत असू व पावसाच्या तोंडी पुन्हा काठावर आणत असू. चुलीचे दगड मात्र तेच. आमच्यात ते मांडले तेथे घर. अर्जदाराच्या आईने ते सुनेच्या हाती दिले होते.

३. गेल्या दुष्काळात आपण कळविले की, काठचा परवाना तळ्याच्या पोटात चालत नाही. पोट कोरडे असले तरी दप्तरी ते पाणीच आहे आणि पाण्यावर फक्त होडीस परवाना मिळतो. अडला हरी, पुढचे लिहीत नाही. अर्जदाराने हॉटेलास होडीचा परवाना काढला. मग तपासनीस आले व वल्ही कोठे म्हणून विचारू लागले. अर्जदाराची पत्नी चंद्रव्वा म्हणाली, “सायेब, वल्ही कुटं लावू, चुलीला का?” त्यावर उद्धटपणाचा शेरा बसला. अर्जदाराने वल्ही आणून मांडवास बांधली. गिऱ्हाइके त्यांवर टोप्या अडकवीत.

४. मृग लागताच मांडव हलविण्यास निघालो, तो संदर्भातील हुकूम आला : होडी जमिनीवर नेण्यास मनाई आहे. अर्जदाराच्या बापाने ढग पाहून कळप हलविला असता. अर्जदार चार इयत्ता शिकलेला, तो अर्ज करून उत्तराची वाट पाहत बसला. उत्तराआधी पाणी आले. गोजरबाईस व पेटीस बाहेर काढले. पडदा गेला. चंद्रव्वा दगडांसाठी मागे फिरली, तिला अर्जदाराने दंडास धरून ओढून आणले. तेव्हापासून ती अर्जदाराशी बोलत नाही.

५. नंतर आपले पत्र आले, की होडी बुडाली कशी याचा खुलासा करावा. खुलासा वरीलप्रमाणे आहे.

६. हॉटेल परत मागत नाही. गोजरबाई वैरागला गेली, गिऱ्हाइके पांगली. आम्ही भाड्याच्या खोलीत आहोत. चंद्रव्वा शेजारणीच्या चुलीवर भाकरी करते, स्वतःची मांडत नाही, आणि दिवस मावळेपर्यंत तळ्याकाठी बसते. पाणी ओसरल्यावर तीन दगड उचलू द्यावेत. बुडालेल्या होडीतील वस्तू तळ्याच्या मालकीच्या होतात, असे आपले कारकून म्हणाले. हा अर्जही वाचला जाणार नाही म्हणाले. तरी लिहून ठेवतो : दगड काळे आहेत, एकाची कड उडालेली आहे. ते बांधाच्या डागडुजीस वापरणारच असाल, तर तिन्ही एकमेकांशेजारी बसवावेत व जागा कळवावी. तिला नेऊन दाखवीन.

आपला नम्र, हुकूम पाळलेला,
सिद्धप्पा बिरप्पा वाघमोडे
सोलापूर, ता. ९ आक्टोबर १९३४

सोबत : होडीचा परवाना; दोन वल्ही (एवढीच तरंगली).