चौदा नंबरचा खिळा

४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! विमानतळावर परवाना तीनदा तपासला. त्याच्याशिवाय या शहरात कुणी येत नाही, कुणी जातही नाही. मार्चमध्ये माझं लग्न, तोवर परत जायचंय. खोलीतला मेदेर दादा आमच्या गावाकडचा, ओशचाच. माझे बूट बघून म्हणाला, हे घालून नवरदेव होशील, खाणीत बोटं झडतील. स्वतःचे जुने दिले. भला माणूस.

९ नोव्हेंबर
आमच्या टोळीत बावीस माणसं, फळीवर बावीस खिळे. खाली उतरताना खिळ्यावरचा आपला पितळी बिल्ला घ्यायचा, वर आल्यावर परत टांगायचा. सगळे टांगल्याशिवाय बस सुटत नाही. मी येफीम नावाच्या माणसाच्या जागी आलोय. तो उन्हाळ्यात खाली गेला, तो वर आलाच नाही. त्याचा चौदा नंबरचा खिळा आता माझा, पण नवा बिल्ला बनायचाय.

१६ नोव्हेंबर
आज खाली चिखलात जुना चौदा नंबर सापडला! नव्याची वाट कशाला बघू? पुसून टांगला. बिल्ल्यांच्या खिडकीवर बसणाऱ्या क्लावदिया मावशीने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, मेल्या, ज्याचा बिल्ला आला तो माणूस वर आला असं धरतात इथे. मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

१८ नोव्हेंबर
हिमवादळ. अशा वेळी बसगाड्या एकामागोमाग निघतात, आधी डोकी मोजतात. आमच्या बसमध्ये तेवीस निघाली. मुकादमाने तीनदा मोजली. मागच्या बाकावर एकजण टोपी ओढून बसला होता. टोपी काढ असं त्याला कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

२१ नोव्हेंबर
पुन्हा तेवीस. मुकादमाने वही उघडली. माझ्या नावावर काट, तिथे येफीम. माझा परवानाही त्याच जागेसाठी दिलेला, म्हणून तोही रद्द. वहीत नाही त्याने उतरावं, म्हणाला. मेदेर दादाचा हात धरला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर काही दिसत नव्हतं.
उतरलो.

२२ नोव्हेंबर
खाणीच्या पडवीत आहे. शहरात मावशीच्या घरी फोन लावला. क्लावदिया मावशी म्हणाली, बावीसही घरी पोचले. मी रडलो. मग हळूच म्हणाली, आवाज ओळखला रे पोरा, पण वही भरलीय. कुणाचा तरी खिळा रिकामा होईपर्यंत थांब.

२३?
टोळी आली. मी तिथे नसल्यासारखी अंगावरून गेली. मेदेर दादा— हाक मारली. वळला नाही. येफीम वळला.

नंतर
पाळी सुटली. फळीसमोर उभा आहे. टांगलेले बिल्ले मोजतोय. अठरा. एकोणीस. नको, देवा, असं मनात यायला नको— पण मला घरी जायचंय—
वीस. एकवीस.
मेदेर दादाचा अजून—