कडेचा पाव

धाकटे,

आज भट्टीवर पेपरवाला आला होता. आपला कडेचा पाव पहिल्यांदा कसा झाला, ते त्याला छापायचं होतं. तुझे दाजी पीठ मळता मळता म्हणाले, "रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी केला हो. हात रंगाने माखलेले असायचे. जाड कड धरायची, आतल्या बटाट्यासकट पाव खायचा आणि कड टाकून द्यायची."

कामगारांसाठी म्हणे! कामगार साधा पाव खात होते, कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं तुझं. आमच्याकडे राहून तू त्या कारखान्यात जायचीस आणि निळे हात घेऊन उपाशी परतायचीस. ह्यांनी पहिली कड दुमडली ती तुझ्यासाठी. मी शेजारीच बटाटे सोलत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझ्या.

तुझं काही चुकलं नाही, हे कळतं मला. म्हणून तर जास्त चडफडते. तुला लांब दिलं, तुझे हात केव्हाच स्वच्छ झाले असतील, पण इथे रोज भट्टीभर कडा दुमडल्या जातात. माझ्या पावाला मात्र कड नसते. म्हणतात, "तुझे हात स्वच्छच असतात की! पीठ कशाला वाया घालवायचं?"

पेपरवाला गेल्यावर मी कपड्यांच्या निळीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि ह्यांच्यापुढे जाऊन बसले. म्हटलं, भूक लागलीय.

ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि साबण आणून दिला.

हे पत्र भट्टीतच घालते. कागदावर निळी बोटं उमटलीत, तुला उगाच ओळखीची वाटायची.

तुझी,
ताई