बाटलीवरचे चार गुरु

प्रिय दाजी,

नमस्कार शेवटी करीन, आधी कबुली देतो. तुमच्या टाकीत मी मोठा घोळ घातला. ताईला सगळं सांगितलं, तर म्हणते, "मला सांगून काय उपयोग? टाकी त्यांची. त्यांना कळव." आता तुम्हाला कळवायचं तर पत्राशिवाय मार्ग दिसत नाही. तुमचा फोन ताईनं अजून चालू ठेवलाय, पण तो तीच उचलते.

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद झालं, स्कूटर पुतण्याकडे गेली. पण लातूरच्या बैठकीतला समुद्र ताईनं एक दिवसही थांबू दिलेला नाही.

तो समुद्र मांडलात तेव्हा मी किती हसलो होतो, आठवतं? ज्या गावात नळ केव्हा येईल हे पंचांगातही सापडत नाही, तिथं तुम्ही काचेच्या टाकीत दोनशे लिटर खारं पाणी भरून कोरल वाढवायला घेतलंत! पाणी मशीनमधून गाळायचं, त्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवायचं, आणि गाळताना वाया जाणारं पाणी ताईनं बादलीत धरून भांडी घासायची. मी म्हणालो, "दाजी, संस्कृतात पाण्याला खूप नावं आहेत." तुम्ही म्हणालात, "नावं लई हायेत पंडितजी, नळाला थेंब न्हाई."

आणि ते 'नीळ्ळु'? मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, की तुमच्या देगलूरकडचं तेलुगू नीळ्ळु आणि आमचं संस्कृत नीर एकाच घरातलं दिसतं, शब्द बहुधा दक्षिणेतूनच वर आला. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "बघा! म्हंजे पाणीबी पंडितांनी आमच्याकडूनच नेलं! अन् आता आम्हालाच टँकर बोलवायला लावून राहिले!"

त्याच दुपारी तुम्ही विचारलंत, लहान-मोठ्याला संस्कृतात काय म्हणतात. मी लघु आणि गुरु सांगून थांबलो असतो तर बरं होतं. पण वृत्तांचा अख्खा तास घेतला. लघु अक्षर, गुरु अक्षर, गुरूला दुप्पट मात्रा. पुढच्या खेपेला बघतो तर टाकीशेजारच्या खिळ्यांना दोन सिरींज लटकलेल्या आणि त्यांवर तुमच्या अक्षरात चिकटपट्ट्या. पाच मिलीची 'लघु', साठ मिलीची 'गुरु'. मी किती सुखावलो, काय सांगू! इतकी वर्षं शिकवतोय, पण माझ्या वर्गातलं काही कुणी घरी नेऊन भिंतीला टांगलं नव्हतं.

तोच आनंद पुढे नडला.

मेच्या सुट्टीत तुमच्या अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ताई आठ दिवस देगलूरला जाणार, म्हणून मी टाकी सांभाळायला नांदेडहून आलो. निघताना ती म्हणाली, "माशांना सकाळी चिमूटभर खाणं. पाणी उडून कमी झालं की गाळलेलं गोडं पाणी. अन् बाटल्यांवर त्यांनी लिहून ठेवलंय, तसंच घाल. डोकं लावू नको." डोकं लावू नको, हे ती मला मी चौथीत असल्यापासून सांगतेय.

निळ्या झाकणाची बाटली घेतली. कोरलना सांगाडा बांधायला लागणाऱ्या खाराचं द्रावण. तिच्या चिकटपट्टीवर तुमच्या मार्करनं दोनच गोष्टी: 'गुरु ४'. यात न कळण्यासारखं काय होतं? शिवाय रु ऱ्हस्व! मराठीत सुटा शब्द लिहिला असता तर दीर्घ हवा. म्हणजे दाजींनी शुद्ध संस्कृत लिहिलंय, अशी माझी खात्रीच पटली. मोठी सिरींज उतरवली, चार वेळा भरली, चार वेळा ओतली. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ.

पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. मला वाटलं, औषध मुरतंय. समाधानानं पांढऱ्या झाकणाची दुसरी बाटली घेतली. तिच्यावर होतं: 'रवि ४'.

दाजी, रवि नावाची सिरींज मी दहा मिनिटं शोधली. खिळ्यांवर, टाकीखालच्या कपाटात, चमच्यांच्या स्टँडमध्येसुद्धा! शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभा राहिलो आणि वार वाचले. रविवार. गुरुवार. औषधाला तुम्ही धाकटीच सिरींज घ्यायचात, हेही तेव्हाच आठवलं. तिनं चार वेळा, म्हणजे वीस मिली, तेही गुरुवारी. मी मंगळवारी दोनशे चाळीस घातले होते.

'वार' ही दोन अक्षरं लिहायला तुमचं काय जात होतं हो? आयुष्यभर चिठ्ठीत शब्द अर्धे ठेवलेत. समोरच्याला कळतं, म्हणायचात. समोर मी असेन, हा विचार नाही केलात!

मासे ठीक फिरत होते. पण ताईची वेल मिटली. तेच ते हिरवं कोरल, पाण्यात बोटं हलवत राहणारं, ज्याला ती वेल म्हणते. पुण्याच्या एका शौकिनाकडून त्याचा तुकडा तुम्ही थर्माकोलच्या डब्यात, बसमध्ये मांडीवर धरून आणलात, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. ताईला साडी हवी होती. आठ दिवस ती तुमच्याशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी वेलीशी बोलायला लागली. आता ती सकाळचा चहा वेलीसमोर घेते. ती वेल माझ्या हातून गेली तर ताईला मी काय तोंड दाखवणार होतो?

रफिकभाईंना फोन लावला. तुमचे जुने दोस्त, माशांचं दुकान असलेले.

"रफिकभाई, मी दोनशे चाळीस मिली टाकलं."

"सर, एखादं शून्य जास्तीचं बोलून नाही ना राहिले?"

"नाही हो. व्हिनेगर घालू का? खाराला आम्ल मारतं..."

"सर! व्हिनेगर कांद्यावर घाला. टाकीला हात लावू नका, मी निघालोच."

आले. छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब मोजू लागले. निळ्याचं पिवळं व्हायला किती थेंब लागतात, त्यावर खार कळतो म्हणे. "दाजींच्या टाकीत हमेशा आठ. आज चौदा."

"मग आता काय करायचं?"

"आता कायबी करायचं न्हाई. हेच मुश्किल काम हाय, सर. झटक्यात चढलंय. तुम्ही झटक्यात उतरवलं, तर वाचलेलंबी मरतंय. बाटल्या बंद. लाईट निम्मी. पंप चालू. रोज एक बादली पाणी बदला, बस्स. बाकी त्याचं ते उतरतंय."

मग माझे बादलीचे दिवस सुरू झाले. पाणी गाळायचं, मीठ कालवायचं, एक बादली काढायची, एक ओतायची. त्यानंतर थेंब मोजायचे. तेरा. परत तेरा. बारा. मनात दहादा यायचं, दोन बादल्या केल्या तर? हात मागे बांधून बसायचो. पाच गोगलगायी गेल्या, त्या जास्वंदीच्या कुंडीत पुरल्या. वेलीला तीन तोंडं होती; त्यातलं एक शुक्रवारी तपकिरी होऊन गळून पडलं. उरलेली दोन मुठी आवळल्यासारखी मिटलेली.

रोज संध्याकाळी ताईचा फोन. "टाकी कशी हाय रे?"

"शांत आहे," मी म्हणायचो. खोटं नव्हतं. वेलीचं एक बोटसुद्धा हलत नव्हतं.

या दिवसांत तुमची फार आठवण आली. चार-पाच वेळा म्हणाला असाल, "पंडितजी, अर्धा तास द्या, सगळं दाखवतो." दर वेळी मी चहा संपवून बसची वेळ सांगितली. नांदेडची बस तरी कुठं वेळेवर सुटायची, दाजी? स्टँडवर तासन्‌तास बसलो. तुमच्यापाशी अर्धा तास बसलो नाही.

ताई बुधवारी परतली. पिशवी खाली ठेवायच्या आत वेलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय केलंस?"

मी पहिल्यापासून सांगितलं. लघु, गुरु, ऱ्हस्व रु, सगळं. तिनं बाटली हातात घेऊन पट्टी वाचली.

"गुरु म्हंजे गुरुवार रे, येड्या! अन् दुसऱ्या बाटलीवर रवि बघून काय वाटलं तुला?"

"रवि नावाची सिरींज शोधली. घरभर."

ती मटकन खाली बसली. पदर तोंडाला. मला वाटलं, रडतेय. हसत होती. हसता हसता म्हणाली, "चमच्यांत?"

"चमच्यांतपण."

"अगं बाई! हे त्यांना कळायला पाहिजे होतं. गावभर सांगत फिरले असते." मग ती खरंच रडली. मी चहा ठेवला आणि तो वेलीसमोर नेऊन दिला.

नंतर मी नवी चिकटपट्टी काढली. म्हटलं, बाटलीवर आता स्वच्छ मराठीत लिहितो. तिनं बाटली मागे ओढली. "त्यांचं अक्षर हाय. काढायचं न्हाई." सिरींजवरच्या पट्ट्याही तुमच्याच अक्षरात. त्याही काढायच्या नाहीत. मग करायचं काय? बराच विचार करून मी पट्टीचे दोन लहान तुकडे कापले, दोन्हीवर 'वार' लिहिलं आणि बाटल्यांवरच्या तुमच्या शब्दांना शेजारी जोडून दिलं. गुरु तुमचा, वार माझा. अक्षरं जुळत नाहीत, माझं जरा जास्तच वळणदार आहे. पण शब्द पुरा झाला.

मी नांदेडला परत येऊन तीन आठवडे झाले. परवा रफिकभाईंनी मोजलं: आठ. वेलीच्या दोन तोंडांनी बोटं बाहेर काढलीत. टोकं अजून पांढुरकी आहेत, पण ताई म्हणते, हलतात. तिसरं तोंड परत येईल असं रफिकभाई म्हणत नाहीत, आणि मीही तुम्हाला तसं लिहिणार नाही.

काल गुरुवार. बाटली पहिल्यांदा पुन्हा उघडायची होती. ताईनं फोन स्पीकरवर ठेवला. "मोज रे, माझं लक्ष वेलीकडंच जातंय."

मी इथून मोजलं. एक. दोन. तीन. चार.

"पाणी कसं आहे?" मी विचारलं.

"नितळ," ती म्हणाली.

तर दाजी, आता शब्द देतो. दर गुरुवारी संध्याकाळी मी फोनवर चार मोजीन. ताईचं लक्ष वेलीकडे गेलं तरी मोजणी चुकणार नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन येईन. तुम्ही मागत होतात तो अर्धा तास ताईला देईन. ती दाखवील ते सगळं लिहून घेईन, एकही शब्द अर्धा न ठेवता. बस सुटली तर सुटू दे.

राहिलेला नमस्कार घ्यावा.

तुमचा मेहुणा,
यापुढे फक्त लघु वापरणारा
पंडित