कुत्रा घरी परतत नाही

प्रिय बाबा,

गेल्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, नाहीतर मला पुढचं काही सुचायचं नाही. मी लिहिलं होतं की माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या नर्सने बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्याची ती कादंबरी अर्धवट वाचलेली दिसते, कारण कुत्रा शेवटी घरी परततो हेच तिला ठाऊक नाही. तिने ती पूर्ण वाचली होती. अर्धवट ठाऊक होती ती मला. आठवडाभर आमची हुज्जत चालली. मग एके दिवशी तिने वाचनालयातून पुस्तक आणलं, माझ्या ताटाशेजारी आपटलं आणि म्हणाली, "घे, वाच, आणि मग माफी माग. चहासकट." मी वाचलं, माफी मागितली, चहाही केला. कुत्रा घरी परतत नाही, बाबा. तो तिकडचाच होऊन जातो. आणि तुम्ही तर मला उत्तरात लिहिलंत, "तो परतला, तशी तूही आता परत ये, तुझी खोली झाडून ठेवली आहे." म्हणून हे पत्र मी तीनदा फाडून पुन्हा लिहिते आहे.

टेकडीवरच्या आपल्या वेधशाळेपासून शाळा इतकी लांब होती की तुम्हीच माझी शाळा झालात. सकाळी शिडीवर चढून तुम्ही वाऱ्याची चक्री बघायचात, तापमापक वाचायचात, सगळे आकडे फोनवरून मुख्य कचेरीला सांगायचात, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला वर्ग भरायचा. आई गेली त्या हिवाळ्यात तुम्ही ही कादंबरी काढलीत. परक्या भाषेतून वाचता वाचता आपल्या भाषेत सांगायचात, आणि मला वाटायचं सगळं तसंच लिहिलेलं आहे. आता कळतंय, मध्येच तुमचा अंगठा दोन-चार पानं एकदम उलटायचा. कुत्र्याने मांसाचा तुकडा चोरला आणि मार बसला दुसऱ्याच गरीब कुत्र्याला, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत. तुमच्या गोष्टीत त्याने नुसतं उरलंसुरलं खाल्लं होतं. आणि शेवट. मी रोज जेवताना विचारायचे, तो घरी जातो ना हो? तुम्ही म्हणायचात, "जातो गं पारा, जातो, आधी जेव." यात माझी तक्रार नाही. तेव्हा खरं सांगितलं असतंत तर मी जेवले नसते, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही आहे.

तुम्ही दर पत्रात विचारता, कोल्ड स्टोरेजमधलं काम झेपतं का. मी "हो" एवढंच लिहीत आले. पूर्ण उत्तर असं. पहिल्या दिवशी मी घरातले सगळे स्वेटर एकावर एक चढवून गेले. खोकी उचलता उचलता घामाघूम झाले, आणि त्या गोठवणाऱ्या खोलीत तोच घाम पाठीवर बर्फासारखा बसला. बायका हसून लोटपोट. "काय गं, माल आहेस की माणूस? तुलाच रॅकवर ठेवू का?" त्यातल्याच एकीने माझे दोन स्वेटर ओढून काढले, आतला सदरा बदलायला लावला आणि म्हणाली, "कोरडी राहा. जाड राहून काही होत नाही." कुत्र्याचंही तसंच होतं. पहिल्या रात्री त्याला झोपायला जागा सापडत नाही, आणि बाकीचे कुठे गायब झाले तेही कळत नाही. मग दिसतं की सगळे बर्फ उकरून त्याच्या खालीच ऊब धरून झोपलेत. कुणी शिकवत नाही. बघून शिकायचं.

मीही बघून शिकले. हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालायचे. बाहेर आल्या आल्या गरम कपाला हात लावायचा नाही, आधी बोटं काखेत धरायची. आमची सुपरवायझर, जिला सगळ्या जणी पाठीमागे 'भोंगा' म्हणतात, ती ओरडली की ओरडणं संपेपर्यंत मनात पाढे म्हणायचे. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला जीव कचरतो. वाळलेले बूट नेहमीच कमी पडतात, जी आधी पोचेल तिला मिळतात. सुरुवातीला मी दारात उभी राहून सगळ्यांना "आधी तुम्ही" म्हणायचे आणि दिवसभर ओल्या बुटांत काढायचे. पायांना भेगा पडल्या. आता मी पळते, बाबा. ढकलत नाही, पण पळते. तुम्ही मला असं शिकवलं नव्हतं. चार लोकांत मी तुमची मुलगी शोभते की नाही, या विचाराने पुष्कळ वेळा झोप उडते. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "अगं बाई, बूटच आहेत, किडनी नाही." पण मला ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

पुस्तक वाचून एक बाब मला पटली. कुत्रा बिघडला म्हणून बदलत नाही. जुन्या घरात जे चालायचं ते इथे चालत नाही, हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळतं, एवढंच. ज्यांना कळत नाही ते मरतात. तुमचा लाडका भाग आठवतो ना? ती शहरातून आलेली माणसं, गाडीवर नको तेवढं सामान लादलेलं, नदीवरचा बर्फ उन्हाने पातळ झालेला. जाऊ नका म्हणून सांगितलं तरी पुढे जातात आणि गाडीसकट पाण्यात. हा भाग तुम्ही एकही पान न उलटता वाचायचात, कधी कधी दोनदा, आणि टेबलावर बोट आपटून म्हणायचात, "हवामान वाचता येत नाही, आणि निघालेत!" या वेळी तो भाग वाचताना मला हसू आलं नाही.

कारण दूधवाल्या काकूंनी खालच्या गावातून मला फोन केला होता. कामाच्या ठिकाणी फोन आला म्हणून भोंगा ओरडली, आणि मला एकही पाढा आठवला नाही. काकू म्हणाल्या, "बाबांना सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून. पण शिडीवरून पडले गं ते. गुडघा एवढा सुजलाय. आणि पुन्हा चढतात!" मी म्हटलं, रजा का नाही घेत? त्या म्हणाल्या, "रजा कसली? ती वेधशाळा तर पावसाळ्याआधीच बंद झाली ना. तुला लिहिलं नाही त्यांनी?" माझा विश्वास बसेना. ऐकीव गोष्टीवरून तुमच्याबद्दल मनात काही धरणं मला बरं वाटेना, म्हणून मी मुख्य कचेरीला फोन लावला. फोनवरचा कारकून फार चांगला माणूस निघाला. आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. आता तिथे आपोआप आकडे पाठवणारं यंत्र बसवलंय, तुमची नोकरी संपली, घर रिकामं करण्याची मुदतही उलटून गेली. "पण ते रोज सकाळी फोन करतात हो. आकडे सांगतात. आम्ही 'बरं, लिहून घेतलं' म्हणतो. कुणाच्याच तोंडून दुसरं काही निघत नाही." मी त्यांचे आभार मानले आणि गोठवणाऱ्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथे डोळे पुसायला लागले तर कुणी कारण विचारत नाही.

तुम्ही हे माझ्यापासून का लपवलंत ते मला कळतं. मी घाबरट आहे, जेवणार नाही, असंच वाटलं असेल. पण मी जेवते आहे, बाबा. पोटभर. आणि टेकडीवर राहायला मी आता परत येणार नाही, हे इतके महिने मला लिहिता येत नव्हतं. मी तुम्हाला न्यायला येणार आहे. नर्सचं लग्न ठरलंय, ती खोली सोडते आहे. घरमालकिणीशी माझं बोलणं झालंय. खोली तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, मागच्या अंगणातून पुरेसं आभाळ दिसतं. तुम्हाला इथे आवडेल असं मी म्हणत नाही, मला खोटं लिहायचं नाही. पहिले काही महिने वाईट जातील. शेजारचा रेडिओ फार मोठ्याने लागतो, आणि तुम्हाला हवेचे आकडे विचारणारं कुणी नसेल. पण माणूस शिकतो, मी शिकले, आणि मला जे येतं ते सगळं मी तुम्हाला दाखवीन. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पत्र फाडा, पण तोवर शिडीवर चढू नका. टेम्पो तुम्हाला न विचारताच ठरवला आहे, कारण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, तीन तारखेला, मी वर पोचते.

तुमचीच,
पारा