मी येशूची झाली

किन्हीराजा,
९ जानेवारी २०२४

ती. ताईस,
प्रभूच्या नावात शि. सा. सलाम वि. वि.

ज्योत्स्ना म्हणेल, मामांच्या खिशात फोन असताना हा पोस्टाचा खटाटोप कशाला. तुझ्या सुनेला सांग की फोनवर मी तूर काढली म्हटलं की तू कोण वारलं म्हणून विचारतेस. त्यापेक्षा पत्र बरं. तूर खरंच काढली. हरभरा घाट्यावर आहे. तुझ्या भावजयीचा, भागिरथेचा, गुडघा होता तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे.

मुख्य बातमी अशी की आपल्या बाप्टिस्ट मंडळीला यंदा साठ वर्षं होतात. पुनरुत्थानाच्या सणाला मंडळीचा इतिहास छापून वाटायचं ठरलं आहे आणि लिहिण्याचं काम माझ्यावर आलं आहे. एकेचाळीस वर्षं उपदेश करणाऱ्या माणसाकडेच ते येणार. आपले पाळक देवानंद (तू त्यांना अजून ‘ते पोरगं’ म्हणतेस, बत्तीस वर्षांचे आहेत) यांनी कुठूनशी पहिल्या पाद्रीसाहेबांची वही मिळवली. चौसष्ट साली नदीच्या डोहात ज्या आठ जणांचा पहिला बाप्तिस्मा झाला, त्या आठांची साक्ष साहेबांनी शब्दाला शब्द उतरवून ठेवली आहे. त्या आठांतला जिवंत असा मी एकटाच, म्हणून सगळी वही एका बैठकीत वाचली.

मग हसू आलं. माझ्या नावापुढे लिहिलं आहे : ‘शालिग्राम, वय १२. मले कोणी सांगतलं नाई, मीच ठरवलं. आजपासून मी येशूची झाली.’ झाली! साहेब नगरकडचे, आपली वऱ्हाडी त्यांच्या कानावरून गेली असणार आणि माझ्या तोंडी त्यांनी बाईचं बोलणं घातलं. इतिहासात मी ते ‘येशूचा झालो’ असं दुरुस्त करून छापणार आहे.

मला स्वतःला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. हिवतापानं फणफणलो होतो, तशातच आईनं डोहावर नेलं, पाण्यात बुडवताच ताप उतरला, हे घरच्यांनी सांगितलेलं. यावर मी निदान पन्नास वेळा उपदेश केला असेल. तू माझ्याहून वर्षाने मोठी. काठावर उभी असशील. दोन ओळी आठवणींच्या लिहून पाठव, तुझ्या नावानिशी घेतो.

सणाला ये. प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावरची तुझी नेहमीची जागा राखून ठेवतो. भागिरथेचा सलाम.

धाकट्यावरची माया होती तशीच असू द्यावी.

तुझा,
शालिग्राम

*

कारंजा लाड,
२० जानेवारी २०२४

चि. शालिग्रामास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. ज्योत्स्नाने वाचून दाखवू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. बरं झालं नको म्हटलं. दोन ओळी मागितल्यास, पण दोन ओळींत मावणारं हे नाही.

तो शब्द दुरुस्त करू नकोस. साहेबांचे कान चांगले होते. त्यांचे डोळे अधू होते.

त्या सकाळी तू अंथरुणातून उठण्याच्या स्थितीत नव्हतास. बाबा बैलगाडी जुंपून तुझ्या औषधासाठी मालेगावला गेले. आठ नावं त्यांनी आदल्या दिवशीच मंडळीच्या पुस्तकात लिहून ठेवली होती. जाताना मला सांगून गेले की डोहावर जाऊन साहेबांना निरोप दे, पोरगा पुढच्या खेपेला येईल. माझं नाव त्या आठांत नव्हतं. मी बाबांना महिनाभर विनवलं होतं. ते म्हणायचे की पोरीचं काय, सासर कोणत्या मंडळीतलं मिळेल देव जाणे, तिथंच होईल तिचं. बाबा वाईट नव्हते, शालू. त्या काळचे होते.

तुझ्यासाठी शिवलेला पांढरा सदरा-पायजमा खुंटीला होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. आईनं मला पाहिलं, सदऱ्याला पाहिलं, आणि काही न विचारता तो काढून माझ्या हातात दिला. माझे केस तिनंच बाबांच्या उपरण्यात घट्ट बांधले. एवढंच म्हणाली की जाय, पण तोंड बंद ठेवजो. आता तोंड बंद ठेवून साक्ष कशी द्यायची, हे काही तिला सुचलं नाही.

साहेबांनी पाण्यात उतरताना चष्मा काढून काठावर ठेवला होता. शालिग्राम म्हणून हाक मारली, मी गेले. काठावरच्या बायांनी ओळखलं, पण आईच्या धाकापुढे कोण बोलतं! साहेबांनी विचारलं की तुला कोणी सांगून पाठवलं का. तेव्हा जे मनात होतं तेच तोंडातून निघालं. ‘झाली’ म्हणून गेले आणि जीभ चावली. मग पाण्याखाली गेले. गार पाणी नाकात गेलं होतं. वर आले तेव्हा मी रडत होते, आणि तसा आनंद मला पुढे दोन्ही बाळंतपणांत झाला तेवढाच.

बाबा परतले तेव्हा आईनं सांगितलं की पोराला तापातच नेलं आणि झालं सगळं. तुझा ताप औषधानं उतरला रे, दोन दिवसांनी. माफ कर, तुझा एक चांगला उपदेश मोडला.

पुस्तकात तू आहेस आणि पाण्यात मी होते. कारंजाला सासरी आले तर इथल्या मंडळीत कपाळावर पाणी शिंपडतात. त्यांना माझा कागद सापडला नाही, म्हणून त्यांनी शिंपडलं, मी शिंपडू दिलं. आणि तू उपदेशक झालास तेव्हा पहिल्याच सणाला उभा राहून सांगितलंस की शिंपडलेल्यांचा बाप्तिस्मा शास्त्राप्रमाणे नाही, ज्यानं स्वतः विश्वास धरून पाण्यात उतरून तो घेतला त्यानंच या मेजाची भाकर घ्यावी. तेव्हापासून दर सणाला भाकरीचं ताट आलं की मी शेजारणीकडे सरकवते.

बोलले का नाही म्हणशील. बाबा होते तोवर त्यांची मान खाली गेली असती. बाबा गेल्यावर तू होतास. माझी साक्ष खरी ठरली की तुझी खोटी पडते. तुझ्या हातातली भाकर काढून घेऊन मी कशी खाणार होते? म्हणून गप्प राहिले, आणि जन्मभर राहिलेही असते. पण तो एक शब्द माझा आहे. तो तेवढा तू खोडू नकोस.

जिवाला लावून घेऊ नकोस. आणि अंगात स्वेटर घालून उपदेशाला उभा राहत जा.

तुझ्या वाट्याची माया माझ्याकडे शिल्लक आहे.

ताई

*

किन्हीराजा,
२९ जानेवारी २०२४

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

पत्र आल्यापासून चारदा वाचलं. आधी तुझा राग आला, खरं सांगतो. साठ वर्षं! एकदा कानात सांगितलं असतंस तर मी पंचविशीतच डोहात उतरलो असतो. आज बाहत्तराव्या वर्षी काय करू?

या रविवारी घसा बसला म्हणून सांगितलं आणि उपदेश देवानंदांना दिला. घसा चांगला होता. भागिरथेनं ओळखलं, काय झालं म्हणून विचारत राहिली, तिलाही सांगितलं नाही.

या हातांनी मी सत्तावन्न माणसं पाण्यात बुडवली. त्यांचं काय? देवानंदांना दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले की बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या विश्वासावर उभा असतो, देणाऱ्याच्या लायकीवर नाही. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण माझ्याकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं.

ताई, एक विचारतो, रागावू नकोस. वही माझ्याचकडे आहे. तो शब्द मी दुरुस्त करत नाही, पण माझी साक्षच छापली नाही तर? मी आहे तोवर एवढं झाकलेलं राहू दे. माझ्यामागे जे छापायचं ते छापा. मंडळी लहान आहे, दुबळी आहे, उपदेशकच असा निघाला म्हटल्यावर लोक बिचकतील. तू हो म्हणालीस तर मी मोकळा होईन.

उत्तराची वाट पाहतो. माया पातळ होऊ देऊ नये.

शालिग्राम

*

कारंजा लाड,
५ फेब्रुवारी २०२४

चि. शालिग्रामास,
आशीर्वाद वि. वि.

मंडळी लहान आहे, दुबळी आहे, सगळं खरं. पण बिचकणार ती नाही, बिचकलास तू. लहानपणी आईची बरणी फोडलीस तेव्हाही म्हणाला होतास की आईले सांगू नको, तिले वाईट वाटंल.

माझी परवानगी कसली मागतोस? मी साठ वर्षं झाकलं, ते तुझ्यासाठी. तू झाकशील ते कोणासाठी, ते तूच ठरव. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मी कोणालाही सांगणार नाही, एवढा शब्द देते.

एकच आठवण करून देते. रस्त्याकडेला पाणी दिसताच बाप्तिस्मा घ्यायला रथ थांबवून उतरणाऱ्या शास्त्रातल्या त्या हबशी अधिकाऱ्यावरचा तुझा उपदेश मी कितीदा तरी ऐकला आहे. दर वेळी तू शेवटी म्हणतोस की पाणी समोर असताना अडवणारा एकच असतो, माणसाचा मान. तो उपदेश दीड तासाचा आहे, मी एकदाही झोपले नाही. खोटं वाटेल तर भागिरथेला विचार.

इथं थंडी ओसरली. ज्योत्स्नानं आवळ्याचा मुरंबा केला आहे, एसटीनं कोणी येणारं असेल तर पाठवते.

तू काहीही ठरवलंस तरी मी तुझी बहीणच आहे.

ताई

*

किन्हीराजा,
११ मार्च २०२४

ती. ताईस,
प्रभूच्या नावात शि. सा. सलाम वि. वि.

उशीर झाला. आधी करायचं आणि मग लिहायचं असं ठरवलं होतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी मी उभा राहिलो. वही हातात घेतली, तुझी साक्ष वाचली आणि ती कोणाची आहे ते सांगितलं. उपदेशाला मला तास पुरत नाही, हे सांगायला चार मिनिटं लागली. पहिली भागिरथाच उठली आणि मोठ्यानं म्हणाली की तरीच मी म्हणत होती, याले ताप आला की हा पाण्याच्या पेल्याले बी हात लावत नाही. लोक हसले. मग सगळेच बोलू लागले. बिचकलं कोणीच नाही, हे तुझं खरं ठरलं.

दोन म्हाताऱ्यांनी मात्र विचारलं की आता या वयात पाण्यात कशाला, देवाला सगळं ठाऊक आहे. मी म्हटलं, देवाला ठाऊक आहे, मला नाही. आजवर दुसऱ्यांकडे जे मागितलं ते मला द्यावं लागेल. सर्वांसमोर पुस्तकातलं माझं नाव मी माझ्या हातानं खोडलं आणि तिथं तुझं लिहिलं : विजयमाला, वय १३. इतिहासात तुझी साक्ष तुझ्या नावावर, जशी बोललीस तशी छापली आहे.

आता जे लिहायचं आहे ते हात धजत नाही म्हणून इतका वेळ इकडचं-तिकडचं लिहिलं. मार्चच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी मागच्या बाकावर बसलो होतो, तुझ्या जागेवर. ताट आलं. मी शेजाऱ्याकडे सरकवलं. ताई, एकदाच. एकदाच सरकवलं, आणि घरी येऊन मी जेवू शकलो नाही. तू हे एकेचाळीस वर्षं केलंस, आणि प्रत्येक वेळी माझ्याच घरी येऊन, माझ्या पोरांना मांडीवर घेऊन, भागिरथेबरोबर भाकरी थापल्यास. नियम शास्त्राचा होता, तो मी आजही मोडणार नाही. पण तो सांगताना माझ्या आवाजात जो ताठा होता तो शास्त्राचा नव्हता. त्याची मी तुझ्याकडे क्षमा मागतो.

३१ मार्चला, सणाच्या सकाळी, देवानंद मला डोहात उतरवणार आहेत. ये. चष्मा घालून ये.

तुझ्या मायेला मी कधी पुरा पडलो नाही, तरी ती असू द्यावी.

शालिग्राम

*

कारंजा लाड,
४ एप्रिल २०२४

चि. शालिग्रामास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचले. मंगरूळपीरपर्यंत गाडीत बसायला जागा नव्हती, मग एका पोरीनं दिली. ओल्या अंगावर वारं लागलं होतं तुला, सर्दी झाली का ते कळव. देवानंदांनी तुला नीट बुडवलं. पोरगं चांगलं आहे, आजपासून पोरगं म्हणणार नाही.

तिथं इतकी गर्दी होती की एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि ती तू मनात धरून बसला असशील असं मला येताना सारखं वाटत होतं. प्रभुभोजनाला ताट माझ्यापाशी आलं आणि मी ते पुढे सरकवलं. तुझ्या डोळ्यांत मी पाहिलं, तुला वाटलं की ताई अजून रागावली आहे. शालू, राग नव्हता रे. हाताची सवय होती. ताट पुढे गेल्यावर मला कळलं की आज ते माझंही होतं, आणि परत मागायची मला लाज वाटली. आता या वयात हात कुठे शिकायचा, असं म्हणून मी मान खाली घातली.

मग तू उठलास. केसांतून पाणी गळत होतं. दोन बाक ओलांडून ताट परत घेऊन आलास, आणि माझ्यापुढे गुडघ्यावर बसलास. तुला गुडघ्यावर बसता येत नाही, हे मला ठाऊक आहे. सगळी मंडळी थांबली होती. तू एक शब्दही बोलला नाहीस. मी तुकडा उचलला, तरी तू ताट हटवलं नाहीस, मी तो खाईपर्यंत धरून राहिलास.

तुझे सगळे उपदेश मी ऐकले आहेत. हा मला समजला.

गुडघ्याला तेल लाव. भागिरथेला आशीर्वाद.

तुझी,
ताई