दादरची उमेदवार

प्रिय बाबा,
सप्रेम जयभीम. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं.

काल इथे मतदान केलं. दादर नावाचा मतदारसंघच आता उरला नाही, आपला भाग माहीममध्ये गेलाय. रांगेत मी हे बोलले, तर पुढे उभ्या असलेल्या, शेजारच्या गल्लीतल्या आनंदीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी माझं आडनाव विचारलं.

"चंपाताईंची नात तू? त्या दादरमधून उभ्या होत्या. शिवाजी पार्कला त्यांचं भाषण ऐकलं आणि घरी न सांगता मत त्यांनाच दिलं."

आजी काय बोलायची हो भाषणात? तुम्ही सोबत असायचात का? गुडघा बरा असेल तर सगळं लिहा.

आपल्या चाळीबाहेरच्या कुणीच तिला मत दिलं नाही, असं तुम्ही म्हणायचात. एकीने तरी दिलं होतं, बाबा.

तुमची लेक,
माया