दोन टायर तुमचे, दोन आमचे

नेपरव्हिल,
१८ डिसेंबर

ती. शरयूमावशीस,

नंदूचा शिरसाष्टांग नमस्कार (बाहेर गुडघाभर बर्फ आहे, म्हणून उभ्यानेच घालतोय, चालवून घे). इकडे मी, तुझं घर आणि तुझी तुळस खुशाल आहोत. तुळस जरा कमी. आपली बाळंतीण राधिका, तिची तब्येत कशी आहे? बाळ झोपू देतं का? तिकडे टेक्ससात, फ्रिस्कोला, तुम्ही डिसेंबरात बाळाला अंगणात उन्हाला घेऊन बसता हे फोटोत पाहिलं आणि मी उगाच फोनवर हात शेकून घेतले. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मधे प्रश्न विचारतेस आणि तू विचारलंस की मी खरं सांगून बसतो. पत्रात निदान काय आधी आणि काय मागून, हे आपल्या हातात असतं.

तर विषय टायरचा. जाताना तू फ्रिजवर जी यादी चिकटवलीस, तिच्यात तीन नंबरला होतं, ‘गॅरेजमधले चार हिवाळी टायर थँक्सगिव्हिंगच्या आत गाडीला लावणे’, आणि चार नंबरला, ‘सुनेत्राकाकूंना हवं-नको बघणे, हात आखडू नये’. माझी चूक झाली असेल तर एवढीच, की मी दोन्ही एकत्र वाचलं. तूच बघ ना, आपल्याकडे चकल्या झाल्या की अर्धा डबा काकूंकडे, त्यांचं मेतकूट आलं की अर्धं इकडे. त्यांची गाडी म्हणजे आपल्या गाडीची जुळी बहीण (तुम्ही दोघींनी एकाच शनिवारी एकाच सेल्समनचं डोकं खाऊन घेतल्यात, त्याने नंतर नोकरी सोडली म्हणे), त्यामुळे आपली चाकं तिला रिमसकट बसतात. त्यांच्याकडे हिवाळी टायर नव्हतेच. चारही आपल्याच गाडीला लावून शेजारणीला घसरायला सोडायचं, हे मला काही बरं वाटेना. मी दोन आपल्याला लावले, दोन त्यांना. दोन्हीकडे पुढे लावले, कारण गाडी ओढतात ती पुढची चाकं, मागची नुसती वऱ्हाडासारखी पाठोपाठ येतात, असा माझा समज होता. (कॉलेजात घर्षणाचा धडा चालू होता तेव्हा मी युटामध्ये होतो. तिथले लाल डोंगर एकदा तुला दाखवायचेत, पण ते असो.) काकूंना ही वाटणी इतकी पटली की त्यांनी मला पुरणपोळ्या घातल्या.

आता काकूंचं तुला ठाऊकच आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फेब्रुवारीत लायसन्स रिन्यू करायचं, आणि त्यासाठी नजर तपासणार. नापास झाल्या तर गाडी बंद, आणि इथे गाडी बंद म्हणजे कढीपत्तासुद्धा बंद. सत्यजितने आईसाठी जर्सी सिटीत एकतिसाव्या मजल्यावर खोली रंगवून ठेवलीय. ‘त्या खिडकीकडे मी पाठ करूनच बसते रे, मी नाही जायची’, असं काकू मला रोज सांगतात. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती, एकदा खोकल्याने, एकदा न्यायला कोणी नव्हतं म्हणून. आता आठ डिसेंबरची चुकली तर थेट एप्रिल, असं डॉक्टरच्या ऑफिसने बजावलेलं. सव्वाआठला हजर व्हायचं, अंतर अकरा मैल. मी म्हटलं, काकू, मी आहे ना.

सकाळी साडेसहाला निघालो तर सहा इंच बर्फ पडलेला, वर अजून चालूच. पुढच्या टायरांनी झोकात सुरुवात केली. ड्राइव्हवेमधून गाडी अशी निघाली, की मी काकूंना हिवाळी टायरवर व्याख्यान द्यायला लागलो. साधं रबर थंडीत पाटीसारखं कडक होतं, याचं मऊ राहतं, त्यात बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चिमटीत धरतात, वगैरे. व्याख्यान कोपऱ्यापर्यंत पुरलं. तिथे वळताना मी ब्रेक दाबला, पुढची चाकं आज्ञाधारकपणे थांबली, आणि मागची, ज्यांना हे काही कोणी सांगितलेलंच नव्हतं, ती बाजूने पुढे यायला निघाली. गाडी सावकाश अर्धं वर्तुळ फिरली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली.

काकू शांतपणे म्हणाल्या, “काही विसरलं का रे घरी?”

मी म्हटलं, “हो काकू. दोन टायर.”

“मग ते माझ्या गाडीचे काढ.”

“अहो, ते तुम्हाला दिलेत.”

“गाढवा, चपलांचा जोड कोणी वाटून घेतो का? एक-एक पाय काय कामाचा? आणि हे मला त्या दिवशी का सुचलं नाही, पुरण वाटत बसले.”

गाडी पायी चालण्याच्या वेगाने घरी आणली. मग काकूंच्या गॅरेजमध्ये आम्ही जे केलं, ते एखाद्या शर्यतीतल्या पथकाने केलं असतं तर त्यांना ताबडतोब काढून टाकलं असतं. जॅक एक, पाना एक, आणि टॉर्च काकूंच्या हातात. त्यांना नट दिसत नव्हता, म्हणून त्या माझ्या आवाजाच्या दिशेने टॉर्च धरत होत्या, म्हणजे बहुतेक वेळ माझ्या तोंडावर. उपाशीपोटी (ऑपरेशनआधी काही खायचं नव्हतं), डोक्याला मफलर, आणि तोंडाने, “घट्ट कर, आणखी घट्ट कर, मला एकतिसाव्या मजल्यावर नाही जायचं.” सात वाजून वीस मिनिटांनी चारही हिवाळी टायर आपल्या एका गाडीला लागले.

आणि मावशी, काय सांगू. चार पायांवर तीच गाडी निराळी. ब्रेक दाबला की थांबते, जागच्या जागी नाही, जरा विचार करून, पण थांबते सरळ. चढावर सिग्नलला उभी राहून पुन्हा निघते. एक भलाथोरला ट्रक, ज्याची चारही चाकं ओढतात आणि ज्याच्या मालकाने वाटेत आमच्याकडे बघून हॉर्न वाजवला होता, पुढच्या उतारावर खड्ड्यात कलंडलेला दिसला (मालक ठीक होता, फोनवर कोणाला तरी शिव्या देत होता). निघणं इंजिनाच्या हातात आणि थांबणं टायरच्या, एवढं मला त्या सकाळी कळलं. बाकी हे टायर म्हणजे जादू नव्हे. एका पुलावर दिसत नाही असा काचेसारखा बर्फ होता, तिथे चारही जणांनी हात टेकले, पण मी हळू होतो म्हणून निभावलं. आठ वाजून बारा मिनिटांनी काकूंना दारात उतरवलं. ऑपरेशन उत्तम झालं.

तुला एवढंच कळवायचं होतं. टायर चांगले आहेत. राधिकाला आणि बाळाला आशीर्वाद (मला द्यायचा अधिकार आहे की नाही माहीत नाही).

तुझा,
नंदू

ता. क. गाडी अर्धं वर्तुळ फिरून थांबली असं वर लिहिलंय. ती आपण होऊन थांबली नाही. कोपऱ्यावरच्या घराचा मेलबॉक्स मधे होता. डाव्या बाजूचा मागचा पत्रा साधारण पोळपाटाएवढा आत गेलाय. घरमालकाला मी सांगितलंय. जमीन गोठल्यामुळे नवा खांब एप्रिलपर्यंत रोवता येत नाही, सध्या मेलबॉक्स वाळूच्या बादलीत उभा आहे आणि टपाल व्यवस्थित मिळतं.

ता. क. २. काकूंना त्या दिवशी मी ‘काही नाही, बर्फ आपटला’ असं सांगितलं होतं आणि त्यांना पटलंही होतं. पण ऑपरेशन खरोखरच उत्तम झालंय. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काकूंनी आधी मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, “तू असा दिसतोस होय, मला वाटलं जरा बरा असशील.” मग दवाखान्याबाहेर आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “शरयूला तू कळवतोस की मी?” आठवडाभर त्यांनी वाट बघितली. म्हणून हे पत्र.

ता. क. ३. एकतीस डिसेंबरला काकूंकडे किल्ली देऊन मी न्यू मेक्सिकोला निघायचं ठरलं होतं, तेही माझ्याच हट्टाने. दुसरा डोळा चौदा जानेवारीला आहे. ऑफिसच्या फॉर्मवर ‘कोण आणणार?’ असं विचारलेलं असतं. काकूंनी मला न विचारता, नव्या डोळ्याने, माझं पूर्ण नाव लिहून टाकलंय, आणि आजवर कुठल्याही फॉर्मवर माझं नाव कोणी इतक्या ठाम अक्षरात लिहिलेलं नाही. तर फेब्रुवारीपर्यंत, काकूंचं लायसन्स होईतो, मी तुझ्या घरी राहू का, आणि गाडी (चारही टायरांसकट) माझ्याकडे राहू दे का? हो म्हणणार असशील तर काकूंना फोन कर. नाही म्हणणार असशील तरी काकूंनाच कर. त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.